जिनिंगचा काटा आणि दूरचा ग्रह: बाह्यग्रहांच्या वातावरणाचा अभ्यास गावात बसून कसा करावा

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या फाटकावर प्रत्येक गाडी दोनदा तोलली जाते. आधी भरलेली, नंतर माल उतरवून रिकामी. दोन आकड्यांतला फरक म्हणजे कापूस. वाद होतो तो बहुधा दुसऱ्या तोलावरून, कारण पहिल्या तोलाच्या वेळी खाली उतरलेला ड्रायव्हर दुसऱ्या वेळी केबिनमध्येच बसून राहिला, तर काटा अगदी बरोबर असूनही साठ-सत्तर किलो कापूस कागदावरून नाहीसा होतो. बाह्यग्रह म्हणजे सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह. आपल्या ताऱ्यासमोरून जाणाऱ्या अशा ग्रहाच्या हवेचा अभ्यास हा याच जातीचा व्यवहार आहे. ताऱ्याचा प्रकाश ग्रह समोर असताना आणि नसताना मोजायचा, एक आकडा दुसऱ्यातून वजा करायचा, आणि मधल्या वेळात ताऱ्याने किंवा यंत्राने काही गडबड केली नाही ना, याची खातरजमा करत बसायचे. या शेवटच्या कामाला सर्वांत जास्त वेळ लागतो.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी भौतिकशास्त्र शिकवतो आणि सुटीच्या दिवसांत दोन-तीन विद्यार्थ्यांना घेऊन हे काम करतो. आमच्याजवळ दुर्बीण नाही. कामाच्या मोठ्या भागाला ती लागतही नाही, कारण हबल, टेस आणि जेम्स वेब या अवकाश दुर्बिणींची निरीक्षणे ‘मास्ट’ नावाच्या संग्रहात कोणालाही विनामूल्य मिळतात. अमेरिकेतल्या बाल्टिमोर येथील स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूट हा संग्रह सांभाळते. काही निरीक्षणे ती मागणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी सहसा एक वर्षापर्यंत राखून ठेवलेली असतात, नंतर तीही खुली होतात. पुढील मार्गदर्शन बारावीचे गणित झालेल्या आणि संगणकाची थोडी ओळख असलेल्या वाचकासाठी आहे.

पहिली पायरी: नेमके काय मोजायचे ते समजून घ्यावे

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. आमच्याकडे ढगांच्या फटींतून अधूनमधून दिसलेला चंद्र तांब्याच्या जुन्या गडव्यासारखा होता. तो रंग चंद्राचा नव्हता. पृथ्वीच्या कडेने, म्हणजे आपल्या हवेच्या पातळ कड्यातून गाळून गेलेला सूर्यप्रकाश चंद्रावर पडला होता. ऑगस्ट २००८ च्या चंद्रग्रहणात खगोलशास्त्रज्ञांनी याच प्रकाशाचा वर्णपट घेतला आणि त्यात ऑक्सिजन, पाण्याची वाफ आणि मिथेन यांच्या खुणा त्यांना मिळाल्या. पृथ्वीकडे परका ग्रह म्हणून पाहण्याची ती रीत होती.

बाह्यग्रह ताऱ्यासमोरून जातो त्या घटनेला अधिक्रमण म्हणतात. त्या वेळी ताऱ्याचा थोडासा प्रकाश ग्रहाच्या हवेच्या कड्यातून गाळून आपल्याकडे येतो. ज्या तरंगलांबीचा प्रकाश तिथला एखादा वायू शोषून घेतो, त्या तरंगलांबीत ग्रह किंचित मोठा दिसतो आणि ताऱ्याचा प्रकाश किंचित जास्त घटतो. ही घट तरंगलांबीनुसार कशी बदलते, त्याचा आलेख म्हणजे ग्रहाचा पारगमन वर्णपट. दुसरी रीत ग्रह ताऱ्यामागे दडतो तेव्हाची आहे, तिला पिधान म्हणतात. ग्रह दडल्यावर एकूण प्रकाश जेवढा कमी होतो, तेवढा ग्रहाचा स्वतःचा वाटा होता असे समजते आणि त्यावरून त्याचे तापमान काढता येते. ग्रहाचे थेट छायाचित्र घेण्याची रीतही आहे, पण पृथ्वीसारख्या लहान ग्रहांसाठी ती अद्याप हाताबाहेरची आहे.

दुसरी पायरी: संगणक उघडण्याआधी कागदावर हिशोब

‘जीवनयोग्य पट्टा’ या शब्दाने पुष्कळ वाचक फसतात. ग्रह त्या पट्ट्यात आहे याचा अर्थ एवढाच, की त्याला योग्य ती हवा असेल तर त्याच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल. हवा आहे की नाही, हे तर शोधायचे आहे. त्यामुळे ग्रहाची निवड नावाच्या आकर्षणावर करू नये, त्याच्या हवेची खूण किती मोठी निघेल यावर करावी.

त्यासाठी एकच राशी लागते, ती म्हणजे प्रमाण-उंची. जेवढे वर गेल्यावर हवेचा दाब सुमारे २.७ पटींनी घटतो, ती ही उंची. बोल्ट्झमनचा स्थिरांक आणि तापमान यांच्या गुणाकाराला रेणूंचे सरासरी वस्तुमान आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराने भागले की ती मिळते. पृथ्वीसाठी उत्तर सुमारे ८.५ किलोमीटर येते. मग ग्रहाच्या त्रिज्येच्या दुपटीला या उंचीने गुणावे आणि ताऱ्याच्या त्रिज्येच्या वर्गाने भागावे; एका प्रमाण-उंचीमुळे ताऱ्याच्या प्रकाशात किती फरक पडेल, ते कळते. चांगल्या खुणेत अशा चार-पाच उंचींएवढा फरक दिसू शकतो.

हा हिशोब दोन ग्रहांसाठी करून पाहावा. सुमारे ७०० प्रकाशवर्षे दूरचा वास्प-३९ बी हा गुरूपेक्षा आकाराने थोडा मोठा, पण वस्तुमानाने गुरूच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी असलेला तापलेला ग्रह आहे. हायड्रोजनची हलकी हवा, अकराशे केल्विनच्या आसपास तापमान आणि क्षीण गुरुत्व यांमुळे त्याची प्रमाण-उंची जवळजवळ एक हजार किलोमीटर भरते आणि प्रत्येक उंचीमागे सुमारे ४६० दशलक्षांशांचा, म्हणजे दहा लाखांत ४६० भागांचा, फरक पडतो. सुमारे ४० प्रकाशवर्षांवरचा ट्रॅपिस्ट-१ ई हा आकाराने पृथ्वीच्या जवळपास असलेला आणि जीवनयोग्य पट्ट्यातला ग्रह आहे. त्याला नायट्रोजनची हवा आहे असे धरले, तर प्रमाण-उंची सुमारे ९ किलोमीटर आणि फरक १६ दशलक्षांश येतो. दहा टनांची गाडी काट्यावर उभी आहे असे समजा. वास्प-३९ बी ची एक प्रमाण-उंची म्हणजे तिच्यातले साडेचार किलो आणि ट्रॅपिस्ट-१ ई ची म्हणजे १६० ग्रॅम. पृथ्वी सूर्यासमोरून जाताना दूरच्या कोणाला हेच मोजावे लागले, तर ते दोन ग्रॅमच्या आसपास भरेल. सूर्यासारखे तारे सोडून सगळे जण लहान लाल ताऱ्यांकडे का वळले आहेत, याचे उत्तर या भागाकारात आहे. ट्रॅपिस्ट-१ ची त्रिज्या सूर्याच्या जेमतेम १२ टक्के आहे.

म्हणून पहिला ग्रह जीवनयोग्य घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हात बसवण्यासाठी तापलेला, फुगलेला आणि आधी अनेकांनी तपासलेला ग्रह घ्यावा. विद्यार्थी यावर नाराज होतात, पण नांगर धरायला शिकवताना कोणी बांधालगतचे तास देत नाही.

तिसरी पायरी: सामग्री

साधा लॅपटॉप, पायथन ही संगणकभाषा आणि ब्राउझरमध्ये चालणारे गूगल कोलॅब एवढ्यावर भागते. कोलॅबची एक सोय गावात फार मोलाची आहे: मास्टमधून येणारी फाइल थेट गूगलच्या यंत्रावर उतरते आणि तुमच्या मोबाइलचा रोजचा दीड-दोन जीबी डेटा फक्त पडद्यावरच्या मजकुराला आणि आलेखांना लागतो. तिची अडचणही तेवढीच मोठी आहे. वीज गेली, हॉटस्पॉट तुटला आणि सत्र बंद पडले, की त्या यंत्रावरचे सगळे पुसले जाते. म्हणून कामाच्या सुरुवातीलाच आपली गूगल ड्राइव्ह जोडून घ्यावी आणि प्रत्येक टप्प्याचे फळ तिथे साठवावे. ताऱ्यांची आणि ग्रहांची मूल्ये नासाच्या एक्झोप्लॅनेट आर्काइव्हमधून घ्यावीत आणि ती कोणत्या वर्षीच्या मोजमापातून आली आहेत, ते वहीत लिहावे. एकाच ग्रहाच्या त्रिज्या आणि कालावधी वेगवेगळ्या मोजमापांतून उचलून एकत्र केल्या, तर हिशोब कुठे चुकला ते नंतर सापडत नाही.

चौथी पायरी: पहिला प्रकाशवक्र

टेस ही दुर्बीण एप्रिल २०१८ मध्ये सुटली आणि ती आकाशाचा एकेक पट्टा सुमारे २७ दिवस सलग पाहते. ‘लाइटकर्व्ह’ या पायथनच्या संचातून वास्प-१८ या ताऱ्याची २०१८ मधील टेसची, दर दोन मिनिटांनी घेतलेली मोजमापे मागवावीत. त्याचा ग्रह ०.९४ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो आणि ताऱ्याचा प्रकाश सुमारे एक टक्क्याने झाकतो, त्यामुळे महिन्याच्या प्रकाशवक्रात, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या प्रकाशाच्या आलेखात, खड्ड्यांची रांग नुसत्या डोळ्यांनी दिसते.

यानंतर आलेखातला ताऱ्याचा संथ चढउतार काढण्यासाठी लोक ‘फ्लॅटन’ ही आज्ञा देतात आणि इथे बहुतेकांचा पाय घसरतो. त्या आज्ञेची खिडकी, म्हणजे ती एका वेळी आलेखाचा जेवढा तुकडा पाहते तो, मुळात १०१ बिंदूंची ठेवलेली असते. दोन मिनिटांच्या हिशोबाने ते तीन तास बावीस मिनिटे होतात आणि वास्प-१८ बी चे अधिक्रमण सव्वादोन तासांच्या आसपास चालते. खिडकी एवढी अरुंद असली, की आज्ञा खड्ड्यालाच ताऱ्याचा चढउतार समजून तो बुजवू लागते. काठाला धान्य समपातळीत करताना मापाच्या आतलेही हाताने ओढून घ्यावे, तसे ते होते. खिडकी निदान दिवसभराची ठेवावी आणि सपाटीकरणाच्या वेळी अधिक्रमणाचे बिंदू वगळण्याची सूचना द्यावी.

मग सगळ्या फेऱ्या ग्रहाच्या कालावधीनुसार एकावर एक घडी घालाव्यात. मुख्य खड्डा ठळक होईल, आणि बरोबर अर्ध्या फेरीवर साडेतीनशे दशलक्षांशांच्या आसपास एक उथळ घट उमटेल. ते त्या ग्रहाचे पिधान आहे. ग्रहाचा स्वतःचा प्रकाश ताऱ्यामागे दडल्याची ती खूण. ती दिसेपर्यंत पुढे जाऊ नये. माझ्या एका विद्यार्थिनीला ती तिसऱ्या दिवशी दिसली, तेव्हा तिने आलेख दोनदा पुसून पुन्हा काढला, आणि मला ते तिच्या आनंदापेक्षाही अधिक आवडले.

पाचवी पायरी: जेम्स वेबचा वर्णपट

२५ डिसेंबर २०२१ रोजी सुटलेली, साडेसहा मीटर व्यासाच्या आरशाची जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर राहून अवरक्त प्रकाशात पाहते. तिच्या निअरस्पेक या यंत्रातला लोलक ०.६ ते ५.३ मायक्रॉन एवढा विस्तृत पट्टा एकाच वेळी देतो. वास्प-३९ बी चे असे निरीक्षण २०२२ मध्ये झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सापडल्याचे जाहीर झाले. सरावासाठी यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

मास्टमध्ये एकाच निरीक्षणाच्या अनेक अवस्थांतल्या फाइली असतात. कच्च्या फाइली अनेक जीबींच्या असतात आणि त्यांच्यावरचे संस्कार हा स्वतंत्र विषय आहे. नवशिक्याने थेट ‘एक्स-वन-डी-इंट्स’ ही शेपटी असलेल्या फाइली घ्याव्यात. त्यांत प्रत्येक क्षणाचा वर्णपट आधीच ओढून काढलेला असतो. एक निरीक्षण अनेक तुकड्यांत विभागलेले असते, तेव्हा तुकडे वेळेच्या क्रमाने जोडावेत आणि शेजाऱ्यांपासून फार दूर उडालेले बिंदू बाजूला काढावेत.

आता सर्व तरंगलांबींचा प्रकाश एकत्र करून एकच प्रकाशवक्र बनवावा. त्यावर ‘बॅटमॅन’ या संचाने अधिक्रमणाचा नमुना बसवावा आणि मध्यवेळ, कक्षेचा कल, कक्षेचे ताऱ्याच्या त्रिज्येशी प्रमाण, त्रिज्यांचे गुणोत्तर, ताऱ्याच्या कडांचे मंदावणे आणि यंत्राचा संथ उतार ही सर्व मूल्ये काढावीत. त्यानंतर वर्णपटाचे चाळीस-पन्नास पट्टे पाडून प्रत्येकाचा वेगळा प्रकाशवक्र करावा. या वेळी मध्यवेळ आणि कक्षेची मूल्ये पहिल्या वक्रातून आलेली तशीच बांधून ठेवावीत, कारण ग्रहाची कक्षा प्रकाशाच्या रंगानुसार बदलत नाही. मोकळे सोडायचे ते त्रिज्यांचे गुणोत्तर, कडांचे मंदावणे आणि उतार. प्रत्येक पट्ट्यातल्या गुणोत्तराचा वर्ग तरंगलांबीसमोर मांडला, की वर्णपट तयार होतो. घट सर्वसाधारणपणे २.१ टक्क्यांच्या थोडी वर राहील आणि ४.३ मायक्रॉनला ती २.३ टक्क्यांकडे उचललेली दिसेल. तो कार्बन डायऑक्साइड आहे. ४.०५ मायक्रॉनजवळची लहानशी उंचवट सल्फर डायऑक्साइडची आहे, जो ताऱ्याच्या प्रकाशाने घडलेल्या रासायनिक क्रियांतून तिथे तयार होतो.

एक इशारा मी स्वतःच्या फजितीतून देतो. पहिल्यांदा हा वर्णपट काढला, तेव्हा एक मायक्रॉनच्या आसपास आम्हाला विलक्षण आकार दिसले, आणि मी शिक्षकांच्या खोलीत चहा पाजून ते सर्वांना दाखवलेही. दोन दिवसांनी लक्षात आले, की तारा या यंत्रासाठी जास्त तेजस्वी असल्यामुळे सुमारे दोन मायक्रॉनच्या आतल्या भागात यंत्रातल्या प्रकाश टिपणाऱ्या शोधकाचे काही बिंदू भरून वाहिले होते. आम्ही ग्रहाची हवा म्हणून तुडुंब भरलेल्या बादल्या दाखवत होतो.

सहावी पायरी: ड्रायव्हर कुठे बसला आहे

वर्णपट हाती आल्यावर खरे काम सुरू होते. पहिली तपासणी यंत्राची. नमुना वजा केल्यावर उरलेले बिंदू घ्यावेत आणि चार-चार, सोळा-सोळा, चौसष्ट-चौसष्टच्या गटांत त्यांची सरासरी काढावी. गोंधळ निव्वळ यदृच्छेचा असेल, तर गट चौपट झाला की पसारा निम्मा व्हायला हवा. तो निम्मा होत नसेल, तर बिंदूंमध्ये काहीतरी एकमेकांशी बांधलेले आहे आणि तुम्ही लिहिलेल्या त्रुटी खऱ्यापेक्षा लहान आहेत.

दुसरी तपासणी ताऱ्याची, आणि ती अधिक अवघड आहे. ग्रह ताऱ्याच्या ज्या पट्ट्यावरून जातो तो स्वच्छ असेल आणि उरलेल्या ताऱ्यावर डाग असतील, तर वजाबाकीत डागांचाच वर्णपट ग्रहाच्या नावावर जमा होतो. लहान लाल ताऱ्यांच्या थंड डागांत पाण्याची वाफ असते, त्यामुळे ताऱ्यावरचे पाणी ग्रहावरचे समजले जाण्याचा धोका खरा आहे. ट्रॅपिस्ट-१ च्या बाबतीत जेम्स वेबच्या वर्णपटांत ही भेसळ ग्रहाच्या अपेक्षित खुणेपेक्षा मोठी निघाली. २०२५ मध्ये ट्रॅपिस्ट-१ ई च्या पहिल्या चार अधिक्रमणांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा हायड्रोजनची जाड हवा नसावी एवढे सांगता आले, पण जड वायूंची हवा आहे की नाही, याचा निर्णय झाला नाही.

त्यावरचा जो उपाय आता वापरला जात आहे, तो जिनिंगच्या काट्यावर उभ्या असलेल्या कोणालाही पटेल. त्याच ताऱ्याचा सर्वांत आतला ग्रह ट्रॅपिस्ट-१ बी याला जवळजवळ हवा नसावी असे दिसते. तेव्हा बी आणि ई यांची अधिक्रमणे लागोपाठ होतील अशा वेळा निवडायच्या, बी चा वर्णपट ही रिकामी गाडी धरायची, आणि ताऱ्याची भेसळ ई च्या वर्णपटातून वजा करायची. डाग तेच, काटा तोच, ड्रायव्हर दोन्ही वेळा त्याच जागी.

सातवी पायरी: अर्थ लावताना

मिळालेल्या वर्णपटावर सर्वांत आधी सपाट रेषा बसवावी. ती नीट बसत असेल, तर त्यापुढे वायूंची नावे घेण्याचा अधिकार नाही. सपाट रेषेचा अर्थ हवा नाही असाही होत नाही. उंचावर ढग किंवा धुरके असेल, तरी वर्णपट सपाट होतो. जीजे १२१४ बी या ग्रहाच्या बाबतीत हबलने पंधरा अधिक्रमणे पाहूनही तेच घडले होते, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. रेषा मोडली, तरच प्लॅटॉन, टॉरेक्स किंवा पेटिट-रॅडट्रान्स अशा संचांनी वायूंचे प्रमाण काढायला घ्यावे.

के२-१८ बी ची हकीकत प्रत्येकाने भिंतीवर लावावी. सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूरच्या या ग्रहावर २०१९ मध्ये हबलच्या निरीक्षणांतून पाण्याची वाफ सापडल्याचे सांगितले गेले, कारण १.४ मायक्रॉनला उंचवटा होता. त्याच तरंगलांबीला मिथेनही प्रकाश शोषतो. २०२३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील निक्कू मधुसूदन यांच्या गटाने जेम्स वेबचा विस्तृत वर्णपट मांडला, तेव्हा त्यात मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड स्पष्ट दिसले आणि पाण्याची खूण मात्र खात्रीने मिळाली नाही. एकाच पट्ट्यावरून वायू ठरवण्याचा धोका असा आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्याच गटाने डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्या जवळचा रेणू असल्याची, तीन सिग्मा एवढ्या ताकदीची, म्हणजे मोजमापातल्या त्रुटीच्या तिप्पट, खूण जाहीर केली. पृथ्वीवर हा वायू मुख्यत्वे सागरी सूक्ष्मजीवांपासून येत असल्याने बातमी जगभर गेली, पण इतर गटांनी तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा पुरावा अपुरा असल्याचे त्यांनी म्हटले.

खडकाळ ग्रहांसाठी पिधानाचा हिशोब कागदावर होतो, आणि मला तो सर्वांत देखणा वाटतो. ट्रॅपिस्ट-१ चे तापमान सुमारे २५६६ केल्विन आहे आणि बी ग्रहाचे अंतर ताऱ्याच्या त्रिज्येच्या सुमारे २०.८ पट आहे. तापमानाला या आकड्याच्या वर्गमुळाने भागावे. ग्रह नुसता काळा खडक असेल आणि उष्णता रात्रीच्या बाजूला जात नसेल, तर उत्तराला दोन-तृतीयांशाच्या चौथ्या मुळाने गुणावे. दिवसाची बाजू ५०८ केल्विन येते. जाड हवा उष्णता सगळीकडे वाटत असेल, तर एक-चतुर्थांशाचे चौथे मूळ घ्यावे. मग जेमतेम ४०० येते. २०२३ मध्ये जेम्स वेबने १५ मायक्रॉनला मोजलेले तापमान सुमारे ५०३ केल्विन निघाले.

आठवी पायरी: आपले काम कुठे द्यावे

नासाच्या एक्झोप्लॅनेट वॉच या उपक्रमात दुर्बीण नसलेल्या व्यक्तीलाही निरीक्षणे मिळतात आणि त्यांचे विश्लेषण कोलॅबमध्ये करता येते. युरोपीय अवकाश संस्थेच्या नियोजित एरियल दुर्बिणीसाठी ग्रहांच्या अधिक्रमणांच्या वेळा अचूक ठेवणारा एक्झोक्लॉक हा उपक्रम लहान दुर्बिणीची निरीक्षणे स्वीकारतो. पुढेमागे शाळेने किंवा गावाने सहा-आठ इंची दुर्बीण आणि कॅमेरा घेतला, तर कोजागिरीपासून होळीपर्यंतचे आपल्याकडचे कोरडे, काळे आकाश या कामाला उत्तम आहे. फक्त पऱ्हाटी जाळण्याच्या दिवसांत क्षितिजाजवळचे तारे घेऊ नयेत.

अशा निरीक्षणात सर्वांत जास्त चुका घड्याळाच्या होतात. लॅपटॉपची वेळ सुरुवातीला आणि शेवटी इंटरनेटवरून मिळवून घ्यावी, वीज गेल्यानंतर तर नक्कीच, आणि अधिक्रमणाची मध्यवेळ पाठवताना ती सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याच्या वेळेत बदलली आहे ना, ते पाहावे. पृथ्वी कक्षेत कुठे आहे त्यानुसार हा फरक आठ मिनिटांहून थोडा अधिक असू शकतो.